ओझ्याला आधी वाट

दिवाळी सरते, भात झोडून कणगीत पडतं, सड्यावरचं, म्हणजे वरच्या सपाट कातळमाळावरचं, गवत वाळून पिवळं होतं आणि आमच्याकडे कोकणात पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. समुद्रावर येणारे पूर्वीपासून येतच होते. गेल्या काही वर्षांत त्यांच्यात दोन प्रकारच्या मंडळींची भर पडली आहे: पाठीला सॅक लावून किनाऱ्याकिनाऱ्यानं चालणारे, आणि जाड टायरच्या, पुढे सस्पेन्शन असलेल्या एमटीबी (माउंटन बाइक) सायकली घेऊन येणारे. दोघांनाही डांबर नको असतं. महामार्गावर ट्रक शेजारून गेला की सायकल डगमगते, सागरी मार्गावरही आता गाड्या सुसाट धावतात. तेव्हा त्यांनी आमच्या पाखाड्या, पाणंदी, घाट्या आणि सड्यावरच्या पायवाटा शोधून काढल्या याचं मला नवल वाटत नाही, उलट बरंच वाटतं. मी दोन्ही करते. चालते पुष्कळ, आणि सायकलही सड्यावर नेते. दोन्ही बाजूंची चिडचिड मला आतून ठाऊक आहे, आणि ती दर हंगामात वाढताना दिसते म्हणून हे लिहायला घेतलं.

तक्रारी ठरलेल्या आहेत. चालणारे म्हणतात, सायकलवाले वळणावरून अंगावर येतात, काळजात धस्स होतं. सायकलवाले म्हणतात, चालणारे चौघं चौघं शेजारी चालतात, कानात इअरफोन, घंटी वाजवली तरी ऐकत नाहीत आणि वर आपल्यालाच सुनावतात. दोन्ही खरं आहे. पण दोन्ही त्रास सारखे नाहीत. चालणाऱ्याला सायकलचा जितका त्रास होतो तितका सायकलवाल्याला चालणाऱ्याचा होत नाही; अशा वाटांवरच्या भांडणांचा अभ्यास करणाऱ्यांना हा एकतर्फीपणा वारंवार दिसलेला आहे. कारण साधं आहे. ताशी वीस किलोमीटरनं उतरणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर सरकते. आमच्या घाटीत वळणापलीकडचं माणूस दहा मीटरांवर दिसलं तरी नशीब. म्हणजे दोघांच्या हातात दोन सेकंदही नसतात, आणि त्या दोन सेकंदांत दचकण्याचं काम चालणाऱ्यालाच करावं लागतं.

ज्यांनी पाखाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डोंगराच्या उतारावर जांभ्याचे चिरे बसवून केलेल्या रुंद, बुटक्या पायऱ्या. दोन्ही अंगांना गडगे, म्हणजे दगड रचून केलेले बांध. कडेनं पावसाचं पाणी वाहायला चर. पायरी बुटकी का, तर डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला गुडघा फार उचलावा लागू नये म्हणून. रुंद का, तर एका पायरीवर दोन पावलं टेकून दम घेता यावा म्हणून. खालच्या वाडीतून वरच्या सड्यावर आणि सड्यावरून खाली खाडीकडे सगळं याच वाटेनं गेलं: मासळीच्या पाट्या, आंब्याच्या पेट्या, शेणखत, लग्नाचं सामान, आजारी माणसाची डोली, शिमग्यात सहाणेकडे (पालखी बसवायच्या चौथऱ्याकडे) निघालेली पालखी. चिरे बहुतेक ठिकाणी सिमेंटशिवाय, नुसते एकमेकांत बसवलेले असतात. वरून सरळ येणारा भार ते पिढ्यान्‌पिढ्या सोसतात. पण कडेवर आडवा दणका बसत राहिला तर चिरा हलतो, एक हलला की शेजारचा मोकळा होतो, आणि पुढच्या पावसात पाणी त्या फटीतून आपली वाट करून घेतं.

सायकलस्वाराला हीच बुटकी, रुंद पायरी बोलावते. तिच्यावरून उतरताना सस्पेन्शन जे काही करतं त्यात मजा आहे, हे मी नाकारणार नाही. मात्र पायऱ्यांवर मागचं चाक लॉक करून घसरत उतरणं मला सहन होत नाही. ब्रेक दाबत दाबत चाक फिरतं ठेवून उतरता येत नसेल तर उतरून सायकल हातात धरावी. पाखाडी बांधणाऱ्यांपैकी कोणी आज हयात नाही, आणि तशी बांधणारे हात गावात फारसे उरलेले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात देवगड तालुक्यातल्या एका घाटीत हे भांडण मी पुरतं पाहिलं. आम्ही काही जण चालत खाली उतरत होतो. खालून पाच-सहा सायकली वर चढत होत्या. चढ तीव्र, सगळ्यांच्या छातीचा भाता झालेला. नेमक्या अरुंद जागी दोन्ही टोळ्या समोरासमोर आल्या आणि कोणी थांबायचं यावरून सुरू झालं. सायकलवाल्यांतला एक जण म्हणाला, चढणाऱ्याला वाट द्यायची असते, हा जगभरचा नियम आहे. एकदा पाय टेकला की या चढावर पुन्हा सुरुवात करता येत नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, सायकलनं पायी चालणाऱ्याला वाट द्यायची, हाही जगभरचाच नियम आहे. दोघंही शिकलेले, वाचलेले. दोघांनी नियम बरोबर सांगितला होता. अमेरिकेत १९८८ साली स्थापन झालेल्या माउंटन बाइकस्वारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमावलीत दोन्ही वाक्यं आहेत: सायकलस्वारानं वाटेवरच्या इतर सगळ्यांना वाट द्यावी, आणि उतरणाऱ्या सायकलस्वारानं चढणाऱ्याला द्यावी. नीट वाचलं तर पहिलं वाक्य मोठं आहे, म्हणजे त्या दिवशी थांबायचं सायकलींनीच होतं. पण तेवढं नीट वाचायला तिथे वेळ कोणाला होता? आवाज चढले. कोणीतरी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

आमच्या मागे, वरच्या पायरीवर, एक बाई उभी होती. साठीच्या पुढची. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर कवळाचा भारा, ऐन-किंजळीच्या पाल्याच्या हिरव्या फांद्यांचा, पुढेमागे हातभर बाहेर आलेला. ती कधी येऊन थांबली ते कोणालाच कळलं नव्हतं. दोन्ही हात भाऱ्याला लावलेले, मान ताठ. बरीच वाट पाहून ती म्हणाली,

“तुमचा झाला की सांगा हां. माझी मान मोडाक इली.”

तिच्या आवाजात राग नव्हता. सगळे गडग्याला चिकटले, सायकली उभ्या धरल्या, ती गेली. भाऱ्याच्या फांद्या एकेका हेल्मेटला घासत गेल्या. ती गेल्यावर मात्र कोणाला भांडण पुढे चालवता येईना.

त्या घाटीत वाट कोणाची हा प्रश्नच आम्ही चुकीच्या माणसांत सोडवत होतो. चालणारे आणि सायकलवाले, दोघंही तिथे हौसेनं आलेले. दोघांच्याही पाठीवर जे होतं ते पाण्याची बाटली, केळी आणि कॅमेरा. आणि ज्या बाईच्या कामाची ती वाट होती, तिला उभं राहून आमचा निकाल लागायची वाट पाहावी लागली.

या खेळाचा जन्म जिथे झाला तिथेही हे भांडण खेळाइतकंच जुनं आहे. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन काउंटी आहे. तिथल्या डोंगरातल्या आगप्रतिबंधक मातीच्या रस्त्यावरून काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन सुसाट उतरायचे. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी त्या उतारावर पहिली शर्यत लावली. उताराचं नाव पडलं रिपॅक, कारण एका उतरणीत मागच्या चाकाच्या हबमधलं ग्रीस तापून जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्या मंडळींतली नावं. पुढच्याच वर्षी ब्रीझनं खास या कामासाठी फ्रेम बांधली. आणि त्याच मॅरिनमध्ये चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांच्यात इतकं वाजलं की पुष्कळशा अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद मातीच्या रस्त्यांवरही ताशी १५ मैलांची, म्हणजे साधारण २४ किलोमीटरची मर्यादा आली, आणि आंधळ्या वळणावर किंवा कोणाला ओलांडताना ५ मैलांची, म्हणजे ८ किलोमीटरची. आठ किलोमीटर म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडं जास्त. वळणावर सायकलनं माणसाच्या चालीनं यावं, एवढंच ते सांगणं आहे. मला ते पुरेपूर पटतं.

इतर देशांनी आपापल्या परीनं वाट काढली आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या कायद्यानं घोड्यांच्या वाटा सायकलींना खुल्या केल्या आणि त्याच कलमात सायकलस्वारानं पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यावी असं घातलं. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, वनखात्यानं सूट दिलेली नसेल तर, दोन मीटरपेक्षा अरुंद वनवाटेवर सायकल चालवायला मनाई आहे. तो नियम कोकणात आणला तर सायकलला एकही पाणंद उरणार नाही. न्यूझीलंडच्या हीफी ट्रॅकवर त्यांनी वेळेची वाटणी केली: उन्हाळ्याच्या गर्दीत फक्त चालणारे, थंडीच्या महिन्यांत सायकलींनाही मुभा. मला या तिघांत न्यूझीलंडचा मार्ग सगळ्यात शहाणा वाटतो, कारण त्यात कोणालाच हाकललेलं नाही.

पण त्या वाटा आणि आमच्या वाटा यांत मूळचा फरक आहे. तिथल्या बहुतेक वाटांवर भेटणारे सगळेच फिरायला आलेले असतात. आमच्या वाटेवर कामाची माणसं आहेत, आणि त्यांनी आपसांत कधीचा क्रम लावून ठेवला आहे. पालखी येत असेल तर सगळे बाजूला. मग डोक्यावर ओझं असलेलं माणूस, कारण त्याला मान वळवता येत नाही, खाली वाकून पाय कुठे पडतो ते बघता येत नाही, आणि मध्येच थांबलं तर ओझं उतरवून पुन्हा चढवायला दुसरं माणूस लागतं. मग गुरं. मग म्हातारी माणसं आणि दप्तरवाली पोरं. रिकाम्या हातानं चालणाऱ्यानं या सगळ्यांसाठी गडग्याला लागून उभं राहायचं. हा क्रम कुठे लिहिलेला नाही, पण चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतो. यात चाकाची जागा कुठे? रिकाम्या हातानं चालणाऱ्याच्याही मागे. सायकलस्वार सगळ्यात हलका, सगळ्यात वेगवान, आणि त्याला थांबायला फक्त दोन बोटं आवळावी लागतात.

यात अंगाची मापंही आहेतच. हल्लीच्या एमटीबीचं हँडल पाऊण मीटरच्या आसपास रुंद असतं. गवताचा भारा त्याहून रुंद. दोन गडग्यांमधली पाणंद कित्येक ठिकाणी या दोघांना मिळून पुरत नाही. तिथे वाटाघाटीला जागाच नाही. एकानं मागे जाऊन बेड्याजवळ, म्हणजे आडव्या वाशांच्या फाटकाजवळ, किंवा गडग्याच्या खळग्यात थांबायला हवं, आणि मागे जाणं सायकलवाल्यालाच सोपं.

गुरांचं वेगळं सांगायला हवं. संध्याकाळी गुरं सड्यावरून उतरत असतात तेव्हा त्यांच्यातून सायकल काढायची नाही. पुढची गाय बुजली की मागची सगळी गडग्यावर चढतात, वासरू पाय मोडून घेतं. एका गुराख्यानं घाईत असलेल्या पोरांना सांगितलेलं मी ऐकलं आहे, “गुरां जावंदेत आधी. वाट काय पळान जाता?”

मला स्वतःला वेगाबद्दल जी सगळ्यात मोठी अडचण वाटते ती अपघाताची नाही. कोकणातल्या वाटेवर अनोळखी माणूस दिसलं की कोणीतरी विचारतंच: खयसून इलात? कोणाकडे इलात? शहरातल्या माणसाला ही चौकशी आगाऊ वाटते. पण गावाच्या बाजूनं पाहा. वाट त्यांच्या परसातून, माडांच्या आळ्यांजवळून, विहिरीच्या कडेनं जाते. न्हाणीघराच्या भिंतीला तुमचा खांदा लागतो. तिथून जाणाऱ्यानं आपण कोण, कुठले, कुठे निघालो ते सांगावं, ही वाटेची किंमत आहे, आणि ती फार स्वस्त आहे. सांगितलं की पुढचं सगळं उलगडतं. पुढे साकव मोडलाय, वरच्या अंगानं जा. त्या वळणावर कुत्रा आहे, अंगावर येतो पण चावत नाही. पाणी हवंय का. मी कित्येक वाटा नकाशावरून नाही, अशा उत्तरांवरून शिकले आहे.

चालणारा हे उत्तर चालता चालता देऊ शकतो. सायकलस्वाराला त्यासाठी थांबावं लागतं, आणि तो थांबत नाही. हात हलवून निघून जातो. विचारणारा माणूस तोंडातला प्रश्न घेऊन तसाच उभा राहतो. मग त्या वाडीत “सायकलवाले” हे एकच माणूस होतं, ज्याला नाव नाही, गाव नाही. पुढच्या वेळी काही बिघडलं की त्याच्यावर जातं. म्हणून माझी सायकलवाल्यांना कळकळीची विनंती आहे: घंटी लांबून वाजवा, पण घंटीवर भागवू नका. जवळ आल्यावर ती बाजूला व्हायचा हुकूम वाटते. वेग माणसाच्या चालीवर आणा, एक पाय टेका, तोंडानं बोला. मागून आणखी किती जण येतायत तेही सांगा, म्हणजे समोरचं माणूस पहिल्यासाठी बाजूला होऊन दुसऱ्याच्या चाकाखाली येणार नाही. मोटरच्या मदतीनं चालणाऱ्या सायकली आता चढावरही न धापा टाकता येतात. त्यांच्या बाबतीत हे दुपटीनं लागू.

आता ज्या गोष्टीची मला खरी भीती आहे तिच्याकडे येते. या वाटा बंद होऊ शकतात.

बाहेरून येणाऱ्यांना वाटतं की पायवाट म्हणजे सरकारी. आमच्याकडे पुष्कळशा वाटा खासगी बागांतून जातात आणि वहिवाटीवर टिकून आहेत. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे उघडपणे, तंट्याशिवाय, हक्कानं आणि अखंड वीस वर्षं वापरलेल्या वाटेवर शेजारच्या जमीनमालकाला हक्क मिळतो. शेताकडे जायची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण हा सगळा आधार शेतकऱ्याला, शेजाऱ्याला आहे. शनिवारी मुंबईहून किंवा पुण्याहून आलेल्या माणसाला त्यातलं काही लागू होत नाही. तो मालकाच्या मर्जीवर चालतो किंवा चालवतो. आणि गावकऱ्यांची पोरंसोरंसुद्धा कित्येक वाटांवर कागदावर नव्हे, शेजारधर्मावरच जात असतात.

एका गावात काय झालं ते सांगते. गावाचं नाव सांगत नाही. काजूच्या बागेतून शाळेकडे जाणारी पाणंद होती, दोन्ही टोकांना बेडी. बेडं म्हणजे दोन खांबांच्या भोकांतून सरकवलेले आडवे वासे. जाणाऱ्यानं सरकवायचे, गेल्यावर लावायचे. “बेडा लावन जावा” हे तिथलं पहिलं आणि शेवटचं सांगणं. एका रविवारी कोणती तरी टोळी बेडं उघडं टाकून गेली. चालणारी की सायकलवाली ते आजवर ठरलेलं नाही, दोन्हीकडचे दुसऱ्याकडे बोट दाखवतात. गुरं आत शिरली, नवी लावलेली कलमं खाऊन गेली. पावसाआधी मालकानं बेड्याच्या जागी तारेचं कुंपण घातलं. त्याला मी दोष देऊ शकत नाही. कलम तीन-चार वर्षं मुलासारखं वाढवावं लागतं. पण आता त्या वाडीतली पोरं डांबरी रस्त्यानं वळसा घालून शाळेत जातात, ट्रकांच्या शेजारून. बाहेरच्या दोन टोळ्यांच्या भांडणाची किंमत त्यांनी मोजली. जमिनी विकल्या जाऊन चिरेबंदी कंपाउंड उठतायत त्या काळात, आपल्यामुळे आणखी एक बेडं बंद होणं मला फार लागतं.

सड्यावर गेलं की सगळा मामला बदलतो. तिथे गडगे नाहीत, वळणं नाहीत, नजर जाईल तिथवर काळपट कातळ. कोणालाही वाटावं की इथे कुठूनही जा, कोणाचं काय बिघडतं. चालणाऱ्यांनाही वाटतं, पण सायकलला त्या मोकळेपणाचा मोह फार. मलाही सड्यावर सायकल चालवण्याइतकं सुख दुसरीकडे कुठे मिळत नाही, समोर समुद्र आणि वाऱ्याचा रेटा. तरी पडलेली वाट सोडायची नाही, आणि याला दोन ठाम कारणं आहेत.

एक म्हणजे कातळशिल्पं. रत्नागिरी, राजापूर, लांजा या तालुक्यांच्या सड्यांवर आणि खाली सिंधुदुर्गात कुडोपीपर्यंत जमिनीलगतच्या जांभ्यात हजारो वर्षांपूर्वी माणसांनी प्राणी, मासे, मानवाकृती, न उलगडलेल्या चौकटी कोरून ठेवल्या आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. काहींभोवती चिऱ्यांचं कुंपण घातलेलं आहे, पुष्कळशी अजून उघडी आहेत आणि उन्हाच्या वेळी, सावली नसताना, उभ्या माणसालाही चटकन दिसत नाहीत. सायकलवरून तर नाहीच. रेषा थोड्याच खोल असतात. त्यांच्या कडांवरून चाक गेलं काय आणि बूट गेला काय, झीज ती झीज.

दुसरं म्हणजे जे उन्हाळ्यात दिसतच नाही ते. कातळाच्या खळग्यांत वीतभरही नसलेल्या मातीत कंद झोपलेले असतात. जूनच्या पहिल्या सरींबरोबर दिपकाडीची पांढरी फुलं येतात. ही वनस्पती मुख्यतः कोकणच्या या पट्ट्यातच सापडते, तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. मग गेंद, मग सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा. कोरड्या दिवसांत ज्या मातीच्या चकत्यांवरून आपण वाट कापतो, त्याच या.

सायकलमुळे वाटांची धूप होते की चालण्यामुळे, यावर परदेशात प्रयोग झाले आहेत. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये थर्स्टन आणि रीडर या संशोधकांनी जंगलातल्या पट्ट्यांवर पाचशेपर्यंत फेऱ्या मारवून पाहिल्या, आणि २००१ साली प्रसिद्ध केलं की झाडोऱ्यावर आणि मातीवर चालणाऱ्याचा आणि सायकलचा परिणाम फारसा वेगळा नाही. सायकलवाले हा निष्कर्ष आवडीनं सांगतात आणि त्यात खोटं काही नाही. पण आमच्या लाल मातीवर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. बूट खळगा करतो आणि तो खळगा तिथेच राहतो. ओल्या उतारावर चाक मात्र वरपासून खालपर्यंत सलग चर ओढतं, आणि पाण्याला तेवढंच हवं असतं. म्हणून पाऊस सुरू झाला की लाल मातीच्या घाट्यांवर सायकल नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. शेवाळलेल्या पाखाडीवर तर डिस्क ब्रेकही माणसाला वाचवत नाही.

किनाऱ्यावर ओहोटीची ओली, घट्ट पुळण सायकलला फार छान. तिथे भांडण कमी, कारण जागा मोकळी. फक्त दोन गोष्टी. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल तर दोर किनाऱ्यावर ताणलेला असतो, त्याला दोन्ही टोकांना माणसं लागलेली असतात. तो तुडवायचा नाही, सायकल उचलून पलीकडे टाकायची घाईही करायची नाही. ओढणाऱ्यांच्या मागून वळसा घालायचा, नाहीतर उतरून दोराला हात लावायचा. आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू कासवांची. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं, त्यानंतर ते आंजर्ले, केळशी, गुहागर असं पसरलं. कोरड्या वाळूत टायरनं पाडलेला चर अंड्यातून निघालेल्या पिल्लासाठी खंदक ठरतो, ते त्यात अडकून भलत्याच दिशेला चालत राहतं.

चालणाऱ्यांनाही माझं म्हणणं आहे, आणि मी त्यांच्यातलीच असल्यानं ते जास्त तळमळीनं सांगते. एकामागे एक चाला. बाजूला व्हायचं तर सगळे एकाच बाजूला व्हा. अर्धे डावीकडे आणि अर्धे उजवीकडे उभे राहिले की मधून जाणारी सायकल कोणाच्या ना कोणाच्या काठीला अडकते. देवराईत आणि वाडीत स्पीकर लावू नका. आणि जो सायकलस्वार उतरून, सायकल हातात धरून, नमस्कार करून तुम्हाला जाऊ देतो, त्याला मागच्या कोणाच्या तरी वागण्यासाठी बोलू नका. आमच्याकडच्या तरुण पोरांना आता सायकलची गोडी लागते आहे. मोटरसायकल सोडून घाटी चढणारं पोर मला हवं आहे.

कारण चालणारे आणि सायकलवाले नसतील तर यांतल्या कित्येक वाटा रानात जातील. गॅस आला, रस्ता दारात आला, कवळ तोडणारी माणसं कमी झाली. ज्या पाखाडीवरून कोणी जात नाही ती दोन पावसांत झुडपाखाली जाते. पूर्वी गणपतीच्या आधी घराघरातून एक माणूस निघायचं आणि घाटीची बेणणी, म्हणजे झाडोरा तोडून साफसफाई, व्हायची. आता वाडीत माणसंच थोडी, जी आहेत ती वयस्कर. बाहेरच्या देशांत सायकलवाल्यांचे गट वाटेच्या दुरुस्तीला हात लावतात आणि त्यातून चालणाऱ्यांशी त्यांचं जमतं, असं पुष्कळ ठिकाणी झालं आहे. आमच्या वाडीच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा म्हाताऱ्यांनी हसून होकार दिला. एक आजोबा एवढंच म्हणाले की येऊंदेत, पण चिरा कसा बसवतात ते आधी बघूंदेत.

तर यंदा गणपतीच्या आधीच्या रविवारी वाडीच्या घाटीची बेणणी आहे. चालणारे या, सायकलवाले या, सायकली खाली देवळाजवळ लावा. कोयते, पारय (पहार) आणि घमेली वाडीत आहेत, जेवणही वाडीतच. पायात बूट आणि हातात जाड मोजे असू द्या. निखळलेला चिरा हातानं उचलायचा नाही. आधी पारयीनं कलंडवून खाली बघायचं, जांभ्याच्या सांदीत फुरसं बसलेलं असतं.